आईबद्दल लिहून दिलेलं एक वाक्य

शिकागो,
१४ जानेवारी १९८५

प्रिय विलोताई,

तू बरी असशील, गुडघा फार त्रास देत नसेल, असं धरून लिहायला बसले आहे. मी बरी आहे. इथे गेले नऊ दिवस बर्फ साचलेलं आहे आणि घरातला हीटर मधूनच दम लागल्यासारखा थांबतो. कॉलेज सुरू झालं. या सत्रात माझ्याकडे पाच वर्ग आहेत, म्हणजे एक जास्तच. तक्रार नाही, नुसतं सांगते आहे.

या नाताळात तुझा पाउंड केक आला नाही. त्याचीही तक्रार नाही. पण त्यावरून कळलं, तू किती रागावली आहेस ते. नोव्हेंबरात आईला मातीआड करून मी निघाले तेव्हा तू बसपर्यंत आलीस, खिडकीतून डबा दिलास, पण माझ्याकडे पाहिलं नाहीस. डब्यात तळलेली कोंबडी होती. टेनेसी येईपर्यंत मला तो उघडवला नाही.

आईच्या चर्चला घालायच्या हॅटांचं काय केलंस? त्या वाटून टाकायच्या असतील तर जांभळी तुझ्याकडे ठेव. मला एकही नको. इथे मी हॅट घालून कुठे जाणार?

आता खऱ्या गोष्टीकडे येते. आपल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या सिस्टर मोझेलची मुलगी ट्वायला, तिचं मला पत्र आलं. वीस वर्षांची झाली म्हणे. माझ्या आठवणीत ती अजून कॉयरमध्ये, गाणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत दात पडलेली उभी आहे. तिनं लिहिलंय की आईच्या अंत्यविधीनंतरच्या शनिवारी चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन मंडळींनी बायकांचं बोलायचं लाकडी स्टँड उचलून खाली जमिनीवर नेलं आणि चार स्क्रू मारून पक्कं केलं. डीकन पिट्स नऊ मार्चच्या सभेत ठराव आणणार आहेत, की यापुढे कुठल्याही बाईनं व्यासपीठाच्या पायऱ्यांवर उभं राहून बोलू नये. चर्चच्या नियमांच्या वहीत तसं लिहून ठेवणार आहेत. आजवर हे कुठेच लिहिलेलं नव्हतं ना? नुसती रीत होती.

मागचं सगळंही ट्वायलानंच कळवलं. आपल्याकडे मार्चमध्ये एक रविवार बायकांचा असतो. त्या दिवशी उपासना बायका चालवतात, पण बोलतात खालून. वर तीन पायऱ्या चढून जे व्यासपीठ आहे ते पुरुषांचं. दोन वर्षांपूर्वी म्हणे तुम्ही स्टँड पहिल्या पायरीवर ठेवलंत, कारण मागच्या बाकावरच्यांना दिसत नव्हतं. मागच्या वर्षी दुसऱ्या पायरीवर, कारण लकव्यानंतर आईला धरायला कठडा लागायचा. आणि या मार्चमध्ये ते वर जाणार होतं. कोणी मागणी केली नाही, भाषण केलं नाही. मेणबत्त्या पुसाव्यात, फुलं बदलावीत, तसं एक लाकडी स्टँड वर्षाला एक पायरी चढत होतं.

ताई, मला यातलं काही माहीत नव्हतं.

अंत्यविधीच्या दिवशी जे झालं ते अचानक झालं. मृत्युलेख आपण दोघींनी तुझ्या स्वयंपाकघरात बसून लिहिला होता. छापलेल्या पत्रिकेत नेहमीसारखं ‘मनातल्या मनात वाचावे’ असं होतं. मोझेल ऑर्गन वाजवत होती, सगळे माना खाली घालून वाचत होते, हातातले पंखे हलत होते. मी उठले, तिन्ही पायऱ्या चढले आणि तो लेख मोठ्यानं वाचला. शेवटी जे छापलेलं नव्हतं तेही: ‘झेनोबिया टार्वर या काळ्या स्त्रीवादी होत्या.’ कसं तोंडातून निघालं, मलाच कळलं नाही.

माझ्यामुळे तुमचं काम बिघडलं असेल तर मी काय करू, ते सांग. करीन.

थंडीत बाहेर फार जाऊ नकोस.

तुझी धाकटी बहीण,
अर्डेल


शिकागो,
१० फेब्रुवारी १९८५

प्रिय विलोताई,

तुझं पत्र पोचलं. एकच पान, पण दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. तीन वेळा वाचलं. ‘करीन म्हणालीस ना? मग कर’ हे वाक्य तर आता न बघताही दिसतं.

डीकन पिट्स तुझ्या ओसरीवर आले तो प्रसंग तू लिहिलायस तसा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. ते म्हणाले, “सिस्टर विलोडीन, हे आपल्या बायकांचं नाही. ही उत्तरेतल्या रोगाची साथ आहे, तुझ्या बहिणीच्या सूटकेसमधून आलेली.” तू विचारलंस, “ब्रदर पिट्स, केक घेणार?” ते म्हणाले, “घेईन.” तू म्हणालीस, “मग बसा. उभ्यानं उपदेश केला तर केक पचत नाही.” हे वाचून मी एकटीच हसले.

पुढे तू लिहितेस, त्यांनी अर्धा केक संपवला आणि मग हळूच म्हणाले, “चाळीस वर्षं मी झेनोबियाच्या मागच्या बाकावर बसलो. तिला कठडा धरावा लागायचा म्हणून स्टँड वर गेलं. मी स्वतः उचलायला हात लावला. आता तुझी बहीण म्हणते ते लढ्यासाठी होतं. मग मी काय उचलत होतो?” आणि त्यांनी वाट दाखवली. मी लिहून द्यावं की माझी आई स्त्रीवादी नव्हती, तो शब्द माझा होता. ते पत्र सभेत वाचलं जाईल. मग ते ठराव मागे घेतील आणि स्क्रूही काढतील. नाहीतर मतं त्यांच्याकडे आहेत.

तू खाली लिहिलंयस, ‘त्याला सगळं ठाऊक आहे, डेल. फक्त ठाऊक नसल्यासारखं जगता आलं पाहिजे. तेवढी सोय त्याला करून दे.’

ताई, पायऱ्या मी चढले, कोणाला न विचारता चढले, सगळ्यांची क्षमा मागते, हे मी शंभर वेळा लिहून देईन. पण ते दुसरं वाक्य लिहायला हात धजत नाही. का, ते सांगते. तुला वाटेल वर्ग घेते आहे. घेऊ दे. या महिन्यात तशीही मी सगळ्यांचे वर्ग घेते. काळ्यांच्या इतिहासाचा महिना म्हणून फेब्रुवारी आला की या शहरातल्या प्रत्येक शाळेला, वाचनालयाला, बँकेलासुद्धा एक काळी बाई बोलायला हवी असते. मार्चमध्ये कोणी ओळखत नाही.

तो शब्द आम्ही मिरवायला घेतला नव्हता. सहासष्ट साली मी नागरी हक्क चळवळीच्या कचेरीत काम करायची. पत्रकं मी लिहायची आणि सभेत ती पुरुष वाचायचे. एकदा मी म्हटलं, हे मी लिहिलंय, मी वाचते. एक जण प्रेमानं म्हणाला, “सिस्टर, आधी आपली माणसं मोकळी होऊ देत, मग बायकांचं बघू. तोवर जरा कॉफी टाकतेस?” वाईट माणूस नव्हता तो. नंतर तुरुंगात दोनदा मार खाल्ला त्यानं. एकाहत्तरमध्ये गोऱ्या बायकांच्या सभेला गेले. तिथे बाई म्हणून सगळ्या एक, असं ठरलेलं होतं. सभा संपल्यावर एकीनं माझा दंड धरून विचारलं, “तुमच्या ओळखीत घरकामाला कोणी विश्वासू बाई आहे का?” तिच्याही मनात वाईट काही नव्हतं.

एका दारात बाईपण चपलेसारखं काढून ठेवा, दुसऱ्या दारात रंग काढून ठेवा. अंग एकच होतं, ताई. मग आम्ही नऊ जणी एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत जमायला लागलो. तिथे काहीच काढून ठेवावं लागत नव्हतं. त्या खोलीला नाव पाहिजे होतं म्हणून तो शब्द घेतला. एवढंच त्याचं मूळ. आईनं बावीस वर्षं मिसेस कॅलोवेच्या घरी काम केलं. ती बाई बायकांच्या हक्कांच्या सभेला जायची तेव्हा तिची पोरं आई सांभाळायची, आणि आपण दोघी घरी एकमेकींना सांभाळायचो. हे सगळं एका शब्दात मावतं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

आज त्याचं काय झालंय तेही लपवत नाही. आमचे डीन पाहुण्यांना माझी ओळख करून देताना “या आमच्या काळ्या स्त्रीवादी” म्हणतात, जसं कोणी घरातलं नवं कपाट दाखवावं. वसंतातल्या परिषदेच्या पत्रकावर त्यांना आईचा फोटो हवा आहे. माझ्या वर्गातल्या मुली तो शब्द एकमेकींना मोजायला वापरतात, ही खरी, ती अर्धवट. आणि तुमच्याकडे पिट्स तोच शब्द रोगाच्या नावासारखा वापरतात. ज्या बायका ते काम करत होत्या त्या मात्र फुलं बदलत होत्या आणि गप्प होत्या.

हे सगळं असूनही, आई तशी नव्हती असं मी लिहू शकत नाही. ज्यांना आपल्याला नाव द्यायचा कधीच हक्क नव्हता त्यांनी आपल्याला नावं दिली, हे मी वीस वर्षं शिकवते. आणि आता स्वतःच्या आईचं नाव एका माणसाच्या सोयीसाठी खोडू?

आणखी एक कारण आहे. ट्वायलाच्या पत्रात शेवटी चार ओळी होत्या. ‘मिस अर्डेल, तुम्ही वरून जो शब्द बोललात तो मी घरी येऊन कागदावर लिहून ठेवला. माझ्या डोक्यात जे चालतं त्याला नाव आहे, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं मीच उद्धट आहे.’ सभेत माझं पत्र वाचलं जाईल तेव्हा ती मुलगी कॉयरमध्ये बसलेली असेल. तिनं काय ऐकायचं?

अंत्यविधीत पिट्स व्यासपीठावरून काय म्हणाले ते आठवतं ना तुला? “सिस्टर टार्वरनं आयुष्यात कधी आवाज चढवला नाही.” त्यांच्यामागून आणखी तीन पुरुष गेले आणि सगळे तेच म्हणाले. शांत, गोड, सोशिक. ते कोणाबद्दल बोलतायत तेच मला कळेना. म्हणून मी उठले.

ते वाक्य सोडून दुसरं काहीही माग.

अर्डेल


शिकागो,
२७ फेब्रुवारी १९८५

प्रिय विलोताई,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमननंही वाचलं असेल. ‘प्रोफेसरबाई, चार वर्षं मी आईला अंघोळ घातली तेव्हा तुझ्या शब्दानं एकदा तरी बादली उचलली का? राहू दे. सभेला मी एकटी उभी राहीन.’ खाली सही पण नाही.

घरात बायकांच्या बिनपगारी कष्टांचं काय, या विषयावर मी त्या चार वर्षांत अकरा भाषणं दिली. डायऱ्या काढून मोजली. त्याच चार वर्षांत मी तुझ्याकडे सात वेळा आले आणि एकूण एकतीस दिवस राहिले. त्यातले निम्मे दिवस तू मला पाहुणी म्हणून वाढलंस. मी वाढून घेतलं.

पण आज मी त्यासाठी लिहीत नाहीये. गेल्या दोन पत्रांत मी तुझ्याशी खोटं बोलले आहे. ते दुरुस्त केल्याशिवाय पुढचं काही लिहिणं बरोबर नाही.

मी लिहिलं की पायऱ्यांबद्दल मला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

मागच्या ऑगस्टमध्ये मी आले होते तेव्हाची गोष्ट. तू बाजारात गेली होतीस. आई खिडकीपाशी बसून शेंगा मोडत होती, उजव्या हातानं, आणि डावा हात मांडीवर भांडं धरून ठेवण्यापुरता. मी समोर बसले. मला उत्तर माहीत असल्यासारखा मी प्रश्न विचारला, “आई, तू स्वतःला स्त्रीवादी म्हणशील?”

“तुमच्यात त्याचा अर्थ काय करतात?”

मी सांगितलं. बराच वेळ सांगितलं असणार, कारण भांडं अर्धं भरलं.

“म्हणजे मिसेस कॅलोवेकडे मी बाई नाही, कामवाली. आणि चर्चमध्ये मी माणूस नाही, बाई. आणि दोन्हीकडे जेवण मात्र मीच करायचं. त्याला म्हणतात?”

“साधारण तेच.”

“मग आहे की मी. तू जन्मायच्या आधीपासून आहे. यात एवढं शिकण्यासारखं काय आहे गं?”

मला किती आनंद झाला ते तुला सांगू शकत नाही. मी म्हटलं, हे मी सगळ्यांना सांगणार. तिनं शेंग खाली ठेवली.

“मी असताना सांगायचं नाही आणि मी गेल्यावरही नाही. निदान ते स्टँड वर जाईपर्यंत नाही.” आणि मग तिनं मला पायऱ्यांचं सगळं सांगितलं. पहिली कशी, दुसरी कशी, कोणत्या डीकनच्या बायकोनं घरी कोणता विषय कधी काढायचा, हॅर्शेल पिट्सच्या हातूनच स्टँड का उचलवून घ्यायचं. “त्यानं स्वतः उचललं की तो ते खाली ठेवणार नाही. माणूस अभिमानी आहे.”

मी हसले, ताई. मी म्हटलं, “आई, तीन पायऱ्यांना तीन वर्षं? सरळ चढून जा ना एक दिवस. काय करतील?”

“काय करतील ते मला माहीत आहे, तुला नाही. वहीत लिहून ठेवतील. आज लिहिलेलं नाही म्हणून तर वाट आहे.” मग म्हणाली, “घाई तुला आहे. गुडघे माझे आहेत. शब्द दे.”

मी शब्द दिला. त्याच संध्याकाळी डायरीत हे सगळं लिहून काढलं. ती आता समोर उघडी आहे, म्हणून इतकं नेमकं लिहू शकते आहे.

दुसरं खोटं. मी लिहिलं की अचानक झालं, आणि मग लिहिलं की पिट्स जे बोलले त्यामुळे झालं. अंत्यविधीची पत्रिका माझ्याकडे आहे. काल काढून पाहिली. मृत्युलेखाच्या खाली समासात पेन्सिलनं ते वाक्य लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात. ते मी सकाळी लिहिलं होतं, तू आईच्या कॉलरला इस्त्री करत होतीस तेव्हा, तुझ्याच टेबलावर. पिट्सनी तोंड उघडायच्या चार तास आधी.

का लिहिलं, हे मी महिनाभर स्वतःला विचारते आहे. सत्यासाठी, असं म्हणायला आवडलं असतं. तसं नाही. चर्चमध्ये प्रत्येक जण तुझ्याजवळ येत होता. “विलोडीन, काय सेवा केलीस आईची.” “विलोडीन, तुझे हात देवाचे.” माझ्याजवळ येऊन विचारत होते, “शिकागोत फार थंडी का?” तुझ्याकडे आईची चार वर्षं होती. माझ्याकडे तिचं एकच वाक्य होतं, जे तिनं मला एकटीला दिलं होतं. ते सगळ्यांपुढे दाखवावंसं वाटलं. तिनं नको म्हटलं होतं तरी. मी त्या पायऱ्या बायकांसाठी चढले नाही, ताई. तुझ्यापेक्षा मी तिला जास्त ओळखते हे सांगायला चढले.

शब्दात खोट नव्हती. तो खरा होता आणि तिचाच होता. मी तो तिच्याकडून उचलला, चोरावा तसा.

आता सोबतच्या कागदाबद्दल. माझ्या सहीचा आहे, आणि साक्षीदार म्हणून आमच्या खालच्या मजल्यावरच्या मिसेस ड्रेटन यांनीही सही केली आहे. त्यांनी वाचून विचारलं, “हे खरं आहे का?” मी म्हटलं, “पहिली दोन वाक्यं.” त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सही केली. त्यांचा जन्म मिसिसिपीतला. जास्त विचारलं नाही. तुला सभेआधी माहीत असावं म्हणून मजकूर इथेही उतरवते:

‘माझ्या आईच्या अंत्यविधीत मी कोणाला न विचारता व्यासपीठावर गेले. जो शब्द मी बोलले तो मंडळीतल्या कोणत्याही बहिणीनं मला सांगितलेला नव्हता. माझी आई, झेनोबिया टार्वर, स्त्रीवादी नव्हती. ज्यांचं मन दुखावलं त्यांची मी क्षमा मागते.’

यातलं तिसरं वाक्य लिहायला मला सतरा दिवस लागले. किती तऱ्हांनी लिहून पाहिलं. ‘ती स्वतःला तसं म्हणवत नसे.’ ‘माझ्या अर्थानं नव्हती.’ अशा वाक्यांना पिट्स फसणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर ती माझ्यासाठी होती, मला स्वच्छ राहता यावं म्हणून. आईला काय हवं होतं ते तिनं सांगून ठेवलं होतं. मी स्वच्छ राहावं असं त्यात कुठेच नव्हतं. म्हणून सरळ लिहिलं.

डीनना आईचा फोटो देणार नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, “पण त्या तर आमच्या परिषदेचा आत्मा आहेत!” मी म्हटलं, त्या घरकाम करायच्या आणि चर्चला जायच्या. ते जरा निराश झाले.

या कागदानं सगळं ठीक होईल असं मला वाटत नाही. पिट्स शब्दाचे पक्के आहेत, ठराव मागे घेतील बहुतेक. पण स्टँड पुन्हा जमिनीपासून सुरू होईल. यंदा जमीन, पुढच्या वर्षी पहिली पायरी. म्हणजे वर पोचायला अठ्ठ्याऐंशी साल. तू तेव्हा छप्पन्नची असशील. तुझेही गुडघे आहेत. ही तीन वर्षं मी घेतली आहेत तुझी, आणि ती परत द्यायचा काही मार्ग मला दिसत नाही. मी येऊन मदत करू का, असं विचारणार होते. मग वाटलं, मी न येणं हीच सध्या मदत आहे. सभेला येणार नाही. बायकांच्या रविवारालाही नाही. तू बोलावशील तेव्हा येईन, आणि खाली बसेन.

एकच गोष्ट मागते. तुला नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे. नऊ तारखेला तो कागद वाचला जायच्या आधी ट्वायलाला घरी बोलाव. तिला शेंगा मोडायला दे नाहीतर काहीही दे, पण आई त्या दिवशी काय म्हणाली ते तुझ्या तोंडून सांग. माझ्या पत्रातून नको, मी सांगितलं की ते भाषण होतं. आणि तिला सांग की चर्चमध्ये जे वाचलं जाईल ते ऐकताना तिनं मान खाली घालून बसायचं आणि चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. तिच्या वयात मला हे कोणी शिकवलं असतं तरी मी शिकले नसते. ती शिकेल असं वाटतं. माझ्यानंतर पंचवीस वर्षांनीही तिला हे असं शिकावं लागू नये, असंही वाटतं. दोन्ही एकदम वाटतं आणि त्यानंच थकायला होतं.

तू आईच्या त्या बोलण्याबद्दल आज पहिल्यांदा वाचते आहेस. तुला राग येईल की तिनं हे मला सांगितलं, तुला नाही. पण मला वाटतं तुला सांगायची तिला गरजच पडली नाही. तू रोज तिथे होतीस.

कागद घडी घालून ठेवला आहे. वाचणाऱ्याला सांग, तिसऱ्या वाक्याला अडखळू नको.

चाळीस वर्षांत आईची एकच आज्ञा उशिरा का होईना पाळणारी,
तुझी अर्डेल